चाकांवरचा गुत्ता

एके काळी पुण्यात सायकलवर डबलसीट बसणे हा गुन्हा होता. संध्याकाळी दिवा नसला तर गुन्हा, पालिकेचा बिल्ला नसला तर गुन्हा, आणि मागच्या कॅरिअरवर मित्राला घेतले तर तोही गुन्हा. कोपऱ्यावर पोलिसाची शिट्टी वाजली की मागचा गडी टुणकन उडी मारून उतरे आणि या सायकलस्वाराला आपण जन्मात पाहिले नाही अशा चेहऱ्याने पानाच्या दुकानाकडे वळे. सायकल म्हणजे एकट्याने, सभ्यपणे आणि जरा भीतभीतच चालवायची गोष्ट, अशी ज्या पिढीची समजूत, तिला एकाच सायकलवर चौदा-पंधरा माणसे, मध्ये लांबलचक लाकडी टेबल, टेबलाच्या टोकाला बिअरचे पिंप आणि डोक्यावर छप्पर असे दृश्य दाखवले तर ती शिट्टी कुणी आणि किती वेळा वाजवायची, असाच प्रश्न विचारील!

पण अशी सायकल आहे. युरोपात तिला बिअर-बाइक म्हणतात, अमेरिकेत पेडल पब. मराठीत काय म्हणावे यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींनी 'फिरते पानगृह' असा शब्द सुचवला. तो मला जरा फिरत्या वाचनालयाच्या अंगाने जाणारा, म्हणजे सरकारी अनुदान मिळण्यासारखा वाटला. शिवाय पान म्हटले की आपल्याला आधी कात-चुना आठवतो. शेवटी मी आपला जुना, रांगडा 'गुत्ता' हाच शब्द पसंत केला. गुत्त्याला चाके लावली आणि ती फिरवण्याचे काम गिऱ्हाइकांच्याच गळ्यात मारले, की झाली बिअर-बाइक!

यंत्र म्हणून पाहिले तर मामला मोठा गमतीचा आहे. चार चाकांची लांबट गाडी. मधोमध टेबल, त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच उंच बैठका आणि प्रत्येक बैठकीखाली पायडलांची एक जोडी. मंडळी समोरासमोर तोंड करून बसतात. म्हणजे गाडी जाते पुढे आणि माणसे बघतात एकमेकांकडे. सगळ्यांच्या साखळ्या गाडीच्या लांबीने गेलेल्या एका दांड्याला फिरवतात आणि तो दांडा मोटारीत असतो तसल्या दातेरी जोडाने मागची चाके फिरवतो. प्रत्येकाला आपापले फ्रीव्हील असते. त्यामुळे शेजारी जोरात मारतो म्हणून आपला पाय ओढला जात नाही, आणि आपण थांबलो म्हणून गाडी थांबत नाही. हे ज्याने योजले त्याला माणसाच्या स्वभावाची पुरी जाण असली पाहिजे. कारण कोण खरोखर घाम गाळतो आहे आणि कोण नुसते पाय हलवतो आहे, हे टेबलाखालच्या अंधारात कळायला मार्गच नाही. ज्याने सहकारी संस्थेत काम केले आहे त्याला हे यंत्र आणखी समजावून सांगायला नको.

मागच्या बाजूला एक बाक असतो. ज्यांचे गुडघे गेले आहेत, किंवा ज्यांना 'आम्ही आपले बघतो' एवढेच करायचे आहे, अशांची सोय तेथे. टेबलाच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून एक जण पेले भरतो. आणि सर्वांत पुढे, सुकाणू हातात नि ब्रेक पायाखाली घेऊन, चालक बसतो. साऱ्या मंडळींत हा एकटाच तोंडाला थेंब लावत नाही. तो कंपनीचा नोकर असतो आणि त्याने शुद्धीवर राहण्याचाच पगार घेतलेला असतो. गाडीचा वेग ताशी सहा ते आठ किलोमीटर. भरभर चालणारा माणूस तिच्याबरोबर सहज राहील. चढ आला तर मदतीला पुष्कळ गाड्यांना विजेची छोटी मोटर लावलेली असते, पण ते गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत नाहीत. आपल्याच पायांच्या जोरावर चढलो असे वाटण्यात जे सुख आहे, ते कशाला हिरावून घ्या?

हा उद्योग सुरू झाला नेदरलँड्समध्ये, १९९७ साली. देश सपाट. माणसांपेक्षा सायकलींची संख्या जास्त. तेथे सायकलवर बसून लोक नोकरीला जातात, पोरे शाळेत पोचवतात, संसाराचे सामानही वाहतात. मग मद्यशाळाच तेवढी जमिनीला चिकटून का राहावी, असे कुणाला वाटले असल्यास नवल नाही. तेथून ही गाडी जर्मनीत गेली, मध्य युरोपात गेली, अमेरिकेत गेली. लग्न ठरलेल्या मुलाला मित्रांनी द्यायची शेवटची मेजवानी, कचेरीतल्या सहकाऱ्यांची सहल, कुणाचा चाळिसावा वाढदिवस, अशा निमित्तांनी ती भाड्याने घेतात.

'व्यायामही होतो आणि मौजही होते', असे या गाडीच्या जाहिरातीत सांगतात. मी बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस. जमाखर्च मांडल्याशिवाय मला राहवत नाही. अर्ध्या लिटर बिअरमध्ये साधारण दोनशेच्या वर उष्मांक असतात. सावकाश, गप्पा मारत तासभर पायडल मारले तर खर्ची पडतात ते फार तर तेवढेच. म्हणजे पहिल्या पेल्यापर्यंत खाते बरोबरीत. दुसऱ्या पेल्यापासून तूट. आणि तिसऱ्या पेल्यानंतर खातेदारच पायडल मारायचे थांबवतो.

हे सारे मी ऐकीव सांगत नाही. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही उभयता बार्सिलोनाला माझ्या पुतण्याकडे गेलो होतो. पुतण्या तेथे संगणकाच्या कंपनीत. त्याच्या एका सहकाऱ्याचे लग्न ठरले होते, म्हणून कचेरीतल्या मंडळींनी समुद्राच्या बाजूने दोन तासांची अशी गाडी ठरवली. आयत्या वेळी दोघे जण आजारी पडले. जागांचे पैसे भरलेले. पुतण्या मोठ्या संकोचाने मला म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्ही रागावणार नाही ना?"

मी काही बोलण्याआधी सौ. म्हणाल्या, "अरे, पायांनीच मारायचं ना? तोंडानं काही करायची सक्ती नाही ना? मग चला की!"

आता येथे एक खुलासा केला पाहिजे. आम्ही न पिणाऱ्यांतले. ते तत्त्वापेक्षा सवयीने अधिक. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो. तो कायदा अजून पुस्तकात आहे आणि परवानाही आहे. परवाना 'प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी' मिळतो. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका गृहस्थांकडे तो होता, आणि त्यांची प्रकृती इतकी बिघडलेली असे की त्यांना रोज संध्याकाळी ती सुधारावी लागे. त्यामुळे दारू ही कपाटात, कुलुपात आणि कुजबुजीत राहणारी वस्तू, हाच आमच्या मनावरचा संस्कार. ती भर दुपारी, भर रस्त्यात, छपराखाली का होईना पण चारी बाजूंनी उघडी, आणि वर गाणी म्हणत प्यायची, ही कल्पनाच अंगावर आली होती.

ज्या भागातून आम्ही गेलो त्याविषयी थोडे सांगतो. मुंबईकराला तो परका वाटू नये असा आहे. त्याचे नाव पोब्लेनोऊ. एकोणिसाव्या शतकात येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, इतक्या की लोक त्याला कॅटलोनियाचे मँचेस्टर म्हणू लागले. मुंबईलाही लोक हिंदुस्थानचे मँचेस्टर म्हणत. म्हणजे नात्याने आम्ही एकमेकांचे मावसभाऊ! बार्सिलोनाहून मातारोला जाणारी आगगाडी १८४८ साली याच किनाऱ्याने धावली. बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पाच वर्षे आधी. स्पेनच्या भूमीवरची ती पहिली आगगाडी. तिच्या रुळांनी, गिरण्यांनी आणि गोदामांनी समुद्र आणि शहर यांच्यात अशी भिंत घातली, की शहरात राहून समुद्र न पाहिलेली माणसे असावीत. वाळूवर तेवढी सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती. भरतीचे पाणी घरात शिरे. फ्लामेंको नृत्याने जग गाजवणारी कार्मेन अमाया त्याच झोपडपट्टीतली. ती वस्ती १९६६ साली उठवली.

मग आले १९९२ चे ऑलिंपिक. खेळाडूंच्या घरांसाठी कारखाने पाडले, रूळ हलवले, वाळू आणून किनारे तयार केले, नवे बंदर बांधले. आज पाहुणे ज्या सोनेरी वाळूवर अंग टाकून पडतात, ती 'निसर्गरम्य' चौपाटी आमच्या धाकट्या जावयापेक्षा वयाने लहान आहे! गिरण्यांच्या काही चिमण्या मात्र राखून ठेवल्या आहेत. सभोवती काचेच्या इमारती आणि मधे एकटीच लाल विटांची चिमणी. लोअर परळला मॉलच्या पार्किंगमध्ये उभे राहून वर पाहिले की जसे वाटते, तसेच तेथे वाटले. फरक इतकाच की मी आता पायडल मारत होतो.

गाडी अगदी वाळूलगतच्या फरसबंदीवरून जात नाही. ती जागा पायी चालणाऱ्यांची. आम्ही मागच्या रस्त्याने चाललो होतो. समुद्र चौकाचौकात, दोन इमारतींच्या फटीतून निळ्या पट्टीसारखा दिसे आणि नाहीसा होई. लांबवर ऑलिंपिक बंदरापाशी दोन जुळे मनोरे आणि त्यांच्या पायथ्याशी फ्रँक गेरी या वास्तुशिल्पकाराने १९९२ साली उभारलेला पोलादी पट्ट्यांचा प्रचंड सोनेरी मासा. त्या माशाला नाक समजून आम्ही त्याच्या दिशेने निघालो होतो.

माझ्या एका बाजूला एक इटालियन, दुसऱ्या बाजूला एक पोलिश बाई, समोर नवरदेव. नवरदेवाला त्यांनी कोळ्याची टोपी घातली होती, कारण कुणालाच माहीत नाही. पिंपातून बिअर वाहत होती आणि एका जगमध्ये सांग्रिया होते. सांग्रिया म्हणजे तांबडी वाइन, तीत फळांच्या फोडी, साखर आणि बर्फ. दिसायला अगदी आपल्या कोकम सरबताचे श्रीमंत भावंड. आमच्या सौ.नी सकाळीच बाजारातून ओर्चाता नावाच्या पेयाची बाटली घेऊन पिशवीत ठेवली होती. नागरमोथ्याच्या जातीतल्या एका गवताचे गोड कंद भिजवून, वाटून, गाळून हे करतात. दिसते दुधासारखे, लागते शेंगदाण्याच्या गोड कुटासारखे. थोड्या वेळाने त्या पोलिश बाईंनी ते चाखून पाहिले, मग नवरदेवाने, आणि बाटली दोन सिग्नलांत संपली. मला मिळाले नाही.

हसू नका, पण मजा आली. पायडल मारणाऱ्या दहा माणसांना एका तालाची गरज लागते, आणि ताल धरायला गाणे लागते. जात्यावर ओव्या का सुचतात, मोट हाकताना गाणे का येते, हे तेव्हा पायांना कळले. कुणाला कुणाचे शब्द येत नव्हते. पण ठेका सर्वांना येत होता. तास संपत आला तेव्हा मी टेबलावर थाप मारून भजनी ठेका धरला होता आणि तो इटालियन त्यावर आपल्या भाषेतले काहीतरी ओरडत होता.

या गडबडीत सौ.चे लक्ष मात्र दुसरीकडे होते. आमचा पुतण्या लिंबाचे सोडावॉटर पीत होता. पहिला पेला सोडावॉटर, दुसरा सोडावॉटर. आणि प्रत्येक वेळी पेले भरणारा पोरगा सवयीने त्याच्यासाठी बिअरचा पेला भरून पुढे सरकवी, पुतण्या डोळ्यांनी काहीतरी खूण करी आणि तो पेला गुपचूप शेजाऱ्याकडे जाई. असे तीनदा झाल्यावर सौ. टेबलावरून वाकून म्हणाल्या, "तो पेला तुझा आहे का रे?"

पोरगा लाल झाला. तिशी उलटलेला, घरचे हप्ते भरणारा, दहा माणसांच्या हाताखालचे काम बघणारा तो. पण काकूपुढे सातवीतला झाला. म्हणाला, "काकू, आईला माहीत नाही."

"मी वहिनींना काही सांगायची नाही," सौ. म्हणाल्या. "तूच सांग. आणि तो पेला घे. पैसे भरलेत ना?"

त्याने पेला घेतला. प्यायला मात्र अर्धाच.

एवढ्यात गाडीचा वेग कमी झाला आणि आमची चालक मागे वळून काहीतरी बोलली. चालक म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, विद्यापीठात शिकणारी, दुपारी हे काम करणारी. तिने तोंडावर बोट ठेवले. गाणे थांबले. दोन चौक आम्ही साखळ्यांची खरखर तेवढी ऐकत गेलो. मला वाटले दवाखाना असेल, शाळा असेल. पुतण्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझी आजी या गल्लीत राहते. दुपारी झोपते."

आजी गिरणीत कामाला होती. गिरणी गेली; आजी राहिली. तिच्या इमारतीतल्या निम्म्या जागा आता पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देतात, चाकांच्या बॅगा रात्री दोन वाजता जिन्यावरून खडखडत जातात, आणि घरमालक आजीला दर वर्षी निराळ्या शब्दांत एकच गोष्ट सुचवतो. भाडे वाढले ते नातीच्या पगारातून जाते. नातीचा पगार कुठून येतो, ते आम्ही बाराजण टेबलाला टेकून बघतच होतो. "आजीला हे काम माहीत आहे का?" असे सौ.नी पुतण्याकरवी विचारले. मुलीने मान हलवली. आजीला वाटते नात पर्यटकांना जुनी देवळे दाखवते.

एका गाडीवर दोन गुपिते! आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्या बायकांपासून.

घरी आल्यावर मी या गाडीचे पुढे काय झाले याचा मागोवा ठेवला, आणि मोठी करमणूक झाली. जर्मनीत तर ती थेट वरिष्ठ न्यायालयात गेली. ड्युसेलडॉर्फ शहराचे म्हणणे असे, की रस्ता वापरायला परवानगी लागत नाही ती येण्याजाण्यासाठी. ही मंडळी कुठे जात आहेत? गाडीवाल्यांचे म्हणणे, चाके आहेत, पायडले आहेत, ब्रेक आहे, गाडी एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, मग ही रहदारी नव्हे तर काय? २०१२ साली लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला, की ही रहदारी नव्हे, हा चालता समारंभ आहे. पोचणे हा येथे हेतू नसून पिणे आणि जमणे हा हेतू आहे, तेव्हा खास परवानगी काढा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये, म्हणजे या गाडीच्या माहेरीच, रहिवाशांनी तक्रारींचा ढीग घातला. गोंगाट, वाहतुकीचा खोळंबा, रस्त्याच्या कडेला उभे राहून करू नये ते करणे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून शहराच्या मध्यभागी तिला बंदी झाली, आणि न्यायालयाने ती उचलून धरली. २०२० साली प्राग शहरानेही तोच मार्ग धरला.

जर्मन न्यायाधीशांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. रहदारी की समारंभ? मी तो आमच्या गल्लीला लावून पाहिला. लग्नाची वरात ही रहदारी आहे का? नवरा मुलगा घोड्यावरून कार्यालयात पोचतो हे खरे. पण अर्ध्या तासाच्या वाटेला अडीच तास लागतात, आणि त्यातले दोन तास वऱ्हाड एकाच चौकात नाचत असते. मागे मोटारी तुंबतात, रुग्णवाहिका तुंबते. विसर्जनाच्या मिरवणुकीत तर पोचण्याची घाई कुणालाच नसते. ढोल-ताशांनी, आणि आता त्या राक्षसी कर्ण्यांनी खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी आजी कानात बोळे घालून बसलेली असते. तेथे मात्र कुणी चालक तोंडावर बोट ठेवून "इथे जरा हळू" म्हणत नाही. बिअर-बाइकवर तोंडसुख घेणे मला सोपे होते. पिंपामुळे ते आणखी सोपे झाले असते. पण त्या आजीच्या दृष्टीने पाहिले तर पिंपात काय आहे याला फारसे महत्त्व नाही. आवाज कुणाच्या दारात होतो, एवढेच तिचे गाऱ्हाणे.

आणि तिचे गाऱ्हाणे एकटीचे राहिलेले नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात बार्सेलोनेटा या जुन्या कोळीवाड्यातले रहिवासी पाहुण्यांच्या धिंगाण्याला कंटाळून रस्त्यावर उतरले होते. २०२४ च्या जुलैमध्ये हजारो लोकांनी शहरात मोर्चा काढला, आणि काहींनी हॉटेलांच्या ओट्यावर जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पोरांच्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. धुळवडीची कल्पना नसलेल्या त्या बापड्यांची काय अवस्था झाली असेल! त्याच्या आधी जूनमध्ये तेथील महापौरांनी जाहीर केले, की पाहुण्यांना अल्पकाळ भाड्याने देण्याच्या दहा हजारांवर घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे आणि ती घरे शहरवासीयांकडे परत आणायची. ते पार पडते की नाही, हे त्या आजीला आणि तिच्या घरमालकाला आधी कळेल.

वाचकांपैकी कुणाची मुले-सुना युरोपात असतील आणि असा योग येईल, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. कोणत्या शहरात ही गाडी चालू आहे आणि कोठे बंद झाली, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. नियम झपाट्याने बदलत आहेत. गाडी सबंध ठरवली तर दरडोई खर्च कमी पडतो, तेव्हा माणसे पुरती जमवावीत. न पिणाऱ्याला सरबत-सोडावॉटर मिळते, पैसे मात्र तेवढेच घेतात. बैठका उंच असतात. बुटक्या माणसाने पायडल आपल्या पायांना पोचते की नाही ते आधी पाहावे, नाही तर दोन तास बाळासारखे पाय लोंबकळत बसावे लागते. साडीचा पदर नि पायघोळ साखळीपासून सांभाळा, सौ.नी पंजाबी ड्रेस घातला होता. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाला जाऊन यावे. हे सगळ्यांत महत्त्वाचे. गाडीवर ती सोय नसते, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या रहिवाशांच्या रागाचे अर्धे कारण मला वाटते तेच होते. दुपारची वेळ निवडावी, आणि घरे दाटीची असतील तेथे गाणे बंद ठेवावे. चालकाने सांगण्याची वाट पाहू नये.

त्या दिवशी माशापाशी पोचून आम्ही परत फिरलो. परतताना त्या गल्लीशी कुणी न सांगता सगळे गप्प झाले. नवरदेवाने तर टोपीही काढली. उतरल्यावर नवरदेवाने माझा हात हातात घेऊन काहीतरी लांबलचक सांगितले. पुतण्याने त्याचे भाषांतर 'थँक्यू' असे केले.

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्या फोन घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही. आम्ही दोघे दूरदर्शनवर न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या बघत बसलो होतो. आमचे कान अर्थातच गॅलरीत होते. शेवटी तो आला आणि फोन काकूपुढे धरून म्हणाला, "आईला तुमच्याशीच बोलायचंय."

सौ.नी घसा साफ केला, पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि फोन कानाला लावला. पलीकडून वहिनींचा आवाज मला सोफ्यावर स्वच्छ ऐकू आला.

"ते त्याचं मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय. खिशात बिलं ठेवून कपडे धुवायला टाकतो. ते जाऊ दे. तुम्ही म्हणे दोन तास पायडल मारलंत? अहो, मग तुमच्या गुडघ्यांचं काय झालं?"